उमेदवार, खर्च आणि हिशेब : स्थानिक निवडणुकांतील खर्चनियमांचा शब्दार्थविचार

निवडणुकीतील खर्चावर कायद्याने घातलेली मर्यादा हा विषय सामान्यतः राज्यशास्त्राचे आणि विधिशास्त्राचे अभ्यासक हाताळतात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, या क्षेत्रातील बहुतेक सर्व वाद रकमेसंबंधी नसून अर्थासंबंधी आहेत. अमुक उमेदवाराने किती रुपये खर्च केले, हा प्रश्न न्यायालयापुढे येण्यापूर्वी ‘उमेदवार’ कोणास म्हणावे, ‘खर्च केला’ असे केव्हा म्हणावे आणि ‘हिशेब दिला’ याचा अर्थ काय, हे तीन प्रश्न उभे राहतात. या तीन शब्दांच्या अर्थांची व्याप्ती जेथे संपते, तेथेच नियमाचीही व्याप्ती संपते. प्रस्तुत लेखात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या, म्हणजे महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका डोळ्यांपुढे ठेवून या तीन शब्दांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. त्यासाठी संसद आणि विधानसभा यांच्या निवडणुकांचा कायदाही वारंवार पाहावा लागेल. कारण शब्दांची घडण तेथे झाली आणि त्यांचा वापर येथे होतो.

१. नियमांची वंशावळ

प्रथम थोडी पूर्वपीठिका. निवडणुकीसाठी होणाऱ्या खर्चाची भीती लोकशाहीइतकीच जुनी आहे. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभा राहणारा गृहस्थ खडूने पांढरा केलेला झगा घालून लोकांत फिरे. त्या शुभ्रतेवरून लॅटिन भाषेत त्यास पडलेले नाव हेच इंग्रजीतील ‘कॅंडिडेट’ या शब्दाचे मूळ होय. आणि मते मिळविण्यासाठी गैरमार्गाने केलेल्या फिरण्याला जो शब्द होता, त्याच शब्दाने तेथील लाचविरोधी कायदे ओळखले जात. इ. स. पूर्व ६३ मध्ये सिसेरो कॉन्सल असताना झालेल्या कायद्याने या गुन्ह्यासाठी दहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ठेवली होती.

आधुनिक काळात एकंदर खर्चालाच मर्यादा घालण्याची कल्पना ब्रिटनमध्ये १८८३ च्या कायद्याने दृढ झाली. मतदारांच्या संख्येनुसार खर्चाची कमाल रक्कम, खर्च एकाच निवडणूक प्रतिनिधीच्या हातून होण्याचे बंधन आणि निकालानंतर हिशेब दाखल करण्याची सक्ती, ही या व्यवस्थेची तीन अंगे होत. पुढच्याच वर्षी, १८८४ साली, नगरपालिकांच्या निवडणुकांसाठी तशाच स्वरूपाचा कायदा तेथे झाला. आपल्याकडे १९२० साली भारतीय दंड संहितेत निवडणुकीतील अपराधांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि स्वातंत्र्यानंतर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये ती चौकट स्थिर झाली.

परंतु १९५१ चा हा अधिनियम संसद आणि राज्य विधिमंडळे यांच्यापुरताच आहे. स्थानिक संस्थांच्या निवडणुकांचे क्षेत्र निराळे. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, या निवडणुकांचे अधीक्षण, संचालन आणि नियंत्रण प्रत्येक राज्याच्या राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविण्यात आले. २००६ साली अहमदाबाद महानगरपालिकेसंबंधीच्या किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, आपल्या क्षेत्रात राज्य आयोगाचे अधिकार भारताच्या निवडणूक आयोगाच्या अधिकारांच्या तोडीचे आहेत. खर्चाची मर्यादा ठरविणे आणि हिशेबाची रीत घालून देणे हे महाराष्ट्रात राज्य आयोग आपल्या आदेशांनी करतो; आणि हिशेब न देणाऱ्यास अपात्र ठरविण्याचा अधिकार त्या त्या संस्थेच्या अधिनियमातून त्यास मिळतो. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४-ब हे त्याचे उदाहरण म्हणून पुढे आपण घेणार आहोत.

२. ‘उमेदवार’ : इच्छुक, भावी आणि नामनिर्देशित

‘उमेदवार’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘उमेद’ म्हणजे आशा. ती बाळगणारा तो उमेदवार. जुन्या मराठीत सरकारी कचेरीत पगाराशिवाय काम करीत, पुढेमागे जागा मिळेल या आशेने बसणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत आणि त्याच्या त्या काळाला उमेदवारी म्हणत. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने आशा मनात उत्पन्न झाली त्या क्षणापासून मनुष्य उमेदवार होतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तसे नाही. आजच्या कायद्यात उमेदवारी सुरू होते ती नामनिर्देशनाने.

हा अर्थसंकोच केव्हा आणि कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. १९५१ च्या अधिनियमातील कलम ७९ मध्ये ‘उमेदवार’ या शब्दाची जी व्याख्या होती, तिचे दोन भाग होते. रीतसर नामनिर्देशन झालेली व्यक्ती, हा पहिला भाग. निवडणूक दृष्टिपथात आली असता जी व्यक्ती स्वतःस भावी उमेदवार म्हणून लोकांपुढे मांडू लागते, ती त्या वेळेपासून उमेदवार झाली असे मानावे, हा दुसरा. इंदिरा गांधी यांच्या रायबरेलीच्या निवडणुकीविरुद्धच्या अर्जात हा दुसरा भागच वादाचा एक मुख्य मुद्दा ठरला. त्या उमेदवार झाल्या कोणत्या दिवशी, या प्रश्नावर एका सरकारी नोकराच्या साह्याचा आरोप सिद्ध होणे वा न होणे अवलंबून होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ च्या निर्णयात २९ डिसेंबर १९७० हा दिवस धरला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ऑगस्ट १९७५ मध्ये, संसदेने कायदा दुरुस्त करून व्याख्येचा दुसरा भाग पूर्वलक्षी प्रभावाने गाळून टाकला. त्याच दुरुस्तीने खर्चाच्या हिशेबाची सुरुवातही बदलली : पूर्वी ती निवडणुकीची अधिसूचना निघाल्याच्या दिवसापासून होती, ती आता नामनिर्देशनाच्या दिवसापासून झाली.

या दुरुस्तीचे राजकीय कारण काहीही असो. तिचा शब्दार्थावर झालेला परिणाम दूरगामी आहे. ‘भावी उमेदवार’ हा पूर्वी कायद्याच्या व्याख्येत होता. तो तेथून बाहेर पडला आणि रस्त्यावरच्या फलकावर जाऊन बसला. आपल्या कोणत्याही शहरात वाढदिवसाच्या, सणाच्या वा अभिनंदनाच्या फलकांवर एखाद्या नावाआधी ‘भावी नगरसेवक’ ही अक्षरे झळकलेली दिसतात. वृत्तपत्रांनी यासाठी ‘इच्छुक’ या विशेषणाचे नाम करून टाकले आहे. ‘पक्षाकडे इच्छुकांची गर्दी’ हे वाक्य आज कोणास खटकत नाही. भाषेला जी अवस्था निराळ्या शब्दांनी दाखविण्याइतकी ठळक वाटते, ती अवस्था कायद्याच्या हिशेबात मुळी अस्तित्वातच नाही. इच्छुकाने हळदीकुंकवाच्या समारंभात वाटलेली भांडी, भाविकांसाठी काढलेल्या देवदर्शनाच्या गाड्या, दहीहंडीची बक्षिसे, क्रिकेटच्या सामन्यांचे चषक या कशाचाही खर्च ‘उमेदवाराचा खर्च’ होत नाही. कारण तो झाला तेव्हा खर्च करणारा उमेदवार नव्हता.

स्थानिक निवडणुकांत ही उणीव अधिक जाणवते, कारण तेथे मतदारसंघ लहान असतो आणि ओळखीचे मोल मोठे असते. महाराष्ट्रात तर अलीकडे तिला एक विशेष परिस्थिती लाभली. इतर मागास वर्गाचे आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादांमुळे २०२२ पासून अनेक महानगरपालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतर नगरपरिषदा व नगरपंचायती यांचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये आणि २९ महानगरपालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधली तीन-चार वर्षे ‘भावी’ या विशेषणाची वर्षे होती. तेवढा काळ ज्यास पदरचे वा दुसऱ्याचे पैसे खर्चून लोकांसमोर राहता आले, तो नामनिर्देशनाच्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने कोऱ्या पाटीने उभा राहिला. आणि ज्यास ते जमले नाही तोही तसाच. कायद्याने दोघांची पाटी कोरी मानली, एवढेच. वस्तुतः त्यांपैकी एकीवर बरेच काही लिहून झाले होते.

३. ‘खर्च’ : केला, करविला आणि होऊ दिला

आता दुसरा शब्द. १९५१ च्या अधिनियमाचे कलम ७७ असे सांगते की, उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने स्वतः केलेल्या अथवा प्राधिकृत केलेल्या सर्व खर्चाचा वेगळा आणि बिनचूक हिशेब ठेवला पाहिजे. ‘प्राधिकृत करणे’ हा आपल्या शासनव्यवहाराच्या मराठीने घडविलेला शब्द आहे. तो नेमका आहे. परंतु बोलीतल्या मराठीजवळ याहून सूक्ष्म साधन आहे, ते म्हणजे प्रयोजक क्रियापद. ‘करणे’ आणि ‘करविणे’ यांतील भेद आपण पहिल्या इयत्तेपासून पाळतो. त्यापलीकडे ‘करू देणे’ आणि ‘होऊ देणे’ ही अनुमतिदर्शक रूपे आहेत. तेव्हा खर्चाच्या बाबतीत उमेदवाराचा कर्तेपणा तीन पायऱ्यांनी कमी होत जातो, असे म्हणता येईल : त्याने खर्च केला, त्याने खर्च करविला, त्याने खर्च होऊ दिला. पहिल्या दोन पायऱ्या कायद्याच्या कक्षेत आहेत, याविषयी दुमत नाही. सारा वाद तिसरीसंबंधी आहे.

ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिसरी पायरीही कक्षेत घेतली. पक्षाने आपल्या सर्वसाधारण प्रचारासाठी केलेला खर्च निराळा; पण विशिष्ट उमेदवाराच्या निवडणुकीसाठी पक्षाने खर्च केला, उमेदवाराने जाणूनबुजून त्याचा लाभ घेतला, त्या कार्यक्रमात भाग घेतला किंवा तो खर्च आपला नव्हे असे जाहीर केले नाही, तर त्याची गर्भित संमती होती असे सामान्यतः अनुमान काढावे, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्यामागील तत्त्व सरळ होते. पक्षाच्या तिजोरीतून वाटेल तेवढा पैसा ओतता येत असेल, तर उमेदवारावरील मर्यादेला काही अर्थ राहत नाही. आणि ज्याच्यामागे पक्ष नाही त्यावर मात्र तिचा सगळा भार पडतो.

तो महिना संपण्यापूर्वीच अध्यादेश निघाला. पुढे त्याचा कायदा होऊन कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडले गेले. राजकीय पक्षाने, संघटनेने किंवा उमेदवार व त्याचा प्रतिनिधी यांखेरीज कोणाही व्यक्तीने केलेला खर्च हा उमेदवाराचा खर्च मानू नये, असे त्यात म्हटले होते. ‘स्पष्टीकरण’ या नावाखाली मूळ कलमाचा अर्थच उलटा करण्याचे याहून बोलके उदाहरण विधिभाषेच्या अभ्यासकास क्वचितच सापडेल. हे स्पष्टीकरण जवळजवळ एकोणतीस वर्षे टिकले. २००३ च्या दुरुस्तीने ते बदलले. आता सूट उरली आहे ती पक्षाच्या नेत्यांनी पक्षाचा कार्यक्रम लोकांपुढे मांडण्यासाठी केलेल्या प्रवासाच्या खर्चापुरती. मान्यताप्राप्त पक्षास अशा चाळीस नेत्यांची आणि इतर नोंदणीकृत पक्षास वीस नेत्यांची यादी देता येते. वृत्तपत्रांच्या मराठीत यांना ‘स्टार प्रचारक’ हे नाव मिळाले आणि राज्य आयोगाच्या व्यवहारातही ही कल्पना आली आहे.

स्थानिक निवडणुकीत ‘होऊ दिला’ ही पायरी कशी दिसते? गावात एका मंडळाच्या नावाने मांडव पडतो, मामेभावाच्या गाडीतून मतदार येतात, शेजारच्या हॉटेलात आठ दिवस चहा चालू असतो आणि त्याचे बिल कोण देतो हे सर्वांस ठाऊक असते, परंतु कोणाच्याच वहीत नसते. अशा प्रसंगी प्रशासन दरपत्रकाचा आधार घेते. चहा, वडापाव, जेवण, खुर्ची, मांडव, ध्वनिक्षेपक, रिक्षा, जीप यांचे दर अगोदर ठरवून दिले जातात. आणि उमेदवाराने कमी रक्कम दाखविली तरी पाहणीत दिसलेल्या नगांस त्या दराने गुणून खर्च धरता येतो. ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु ती वस्तू मोजते, कर्ता शोधीत नाही. मांडवातल्या खुर्च्या मोजता येतात. मांडव कोणाचा हे मात्र अनुमानानेच ठरवावे लागते.

या संदर्भात एका विस्मृत तरतुदीचा उल्लेख करणे अवश्य आहे. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या निवडणुकीसाठी दुसऱ्या कोणी खर्च करणे हा १९२० पासून दंडनीय अपराध आहे. त्यातील ‘निवडणूक’ या शब्दात नगरपालिकेसारख्या संस्थांच्या निवडणुकाही मोडतात. म्हणजे मामेभावाची गाडी उमेदवाराच्या हिशेबात तरी आली पाहिजे, नाहीतर मामेभावाच्या अपराधात तरी जमा झाली पाहिजे. कायद्याच्या मूळ योजनेत तिसरी जागा नव्हती. मात्र दहा रुपयांपर्यंतचा खर्च अगोदर परवानगी न घेता केला आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता मिळविली, तर तो अपराध नव्हे, अशी सवलत होती. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम १७६ मध्ये दंडाची कमाल रक्कम पाचशे रुपयांवरून दहा हजारांवर गेली. सवलतीचे दहा रुपये मात्र दहाच राहिले. १९२० मध्ये दहा रुपयांत एखाद्या सभेची तयारी झाली असती. आज त्यात एका माणसाचा चहाही जेमतेम होतो. रक्कम बदलण्याचे कोणास सुचले नाही, यावरून ही तरतूद किती वापरात आहे त्याचा अंदाज बांधता येईल.

४. ‘मर्यादा’ : आकड्यांचा हिशेब

तिसऱ्या शब्दाकडे वळण्यापूर्वी खुद्द मर्यादेच्या आकड्यांकडे थोडे पाहू. राज्य आयोगाने २०२५ च्या उत्तरार्धात या मर्यादा वाढविल्या. मुंबई, पुणे व नागपूर या महानगरपालिकांत प्रत्येक उमेदवारास १५ लाख रुपये आणि ‘ड’ वर्गाच्या महानगरपालिकांत ९ लाख रुपये. जिल्हा परिषदेत विभागांच्या संख्येनुसार ६ ते ९ लाख. ग्रामपंचायतीत सात ते नऊ सदस्यांच्या गावी सदस्यपदासाठी ४० हजार आणि थेट निवडून येणाऱ्या सरपंचासाठी ७५ हजार, असे ते आकडे आहेत. २०१७ च्या आदेशात शेवटच्या दोन रकमा अनुक्रमे २५ हजार आणि ५० हजार होत्या.

या रकमा मतदारसंख्येने भागल्या असता एक गमतीची गोष्ट दिसते. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात सरासरीने १९ लाखांहून अधिक मतदार आहेत आणि तेथील मर्यादा ९५ लाखांची. म्हणजे मतदारामागे सुमारे ५ रुपये. विधानसभेसाठी ४० लाखांची मर्यादा आणि सरासरीने सव्वातीन लाखांहून अधिक मतदार; म्हणजे सुमारे १२ रुपये. मुंबई महानगरपालिकेत सुमारे १ कोटी ३ लाख मतदार आणि २२७ प्रभाग. म्हणजे मतदारामागे सुमारे ३३ रुपये. आणि हजार मतदारांच्या गावात सरपंचपदासाठी मतदारामागे ७५ रुपये. जसजशी निवडणूक लहान होत जाते, तसतशी मतदारामागील मुभा वाढत जाते. लहान निवडणूक स्वस्त असते ही आपली समजूत एकूण रकमेपुरतीच खरी आहे.

बहुसदस्यीय प्रभागांत याहून एक पेच आहे. मुंबई वगळता इतर महानगरपालिकांत एका प्रभागातून सामान्यतः चार सदस्य निवडले जातात आणि मतदार चार मते देतो. २०२६ च्या निवडणुकीत पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ सदस्य निवडावयाचे होते. मर्यादा प्रत्येक उमेदवारास स्वतंत्र असते. पण एका पक्षाचे चार उमेदवार एकाच पत्रकावर, एकाच मोटारीत आणि एकाच व्यासपीठावर असतात. म्हणजे त्याच मतदारांपुढे त्या चौकडीची मिळून ६० लाखांची मुभा उभी राहते. पुण्यातील सुमारे साडेपस्तीस लाख मतदार ४१ प्रभागांत वाटले, तर ती मतदारामागे जवळजवळ ७० रुपये होते. अपक्ष म्हणून एकट्याने उभ्या राहिलेल्या उमेदवारास तेवढ्याच मतदारांकडे तेवढ्याच वस्त्यांतून जावयाचे असते. परंतु त्याची मर्यादा १५ लाखांचीच. नियम दोघांस सारखा आहे. नियमाचा एकक मात्र प्रत्यक्ष स्पर्धेचा एकक नाही.

तुलनेसाठी इंग्लंडमधील पद्धत पाहावी. तेथे स्थानिक निवडणुकीतील मर्यादा २०२३ च्या अखेरीपासून ९६० पौंड अधिक प्रत्येक नोंदलेल्या मतदारामागे ८ पेन्स, अशी काढली जाते. आणि दोन वा अधिक उमेदवार एकत्रपणे प्रचार करीत असतील, तर त्यांतील प्रत्येकाची मर्यादा कमी केली जाते. रकमा आपल्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. पण सूत्राची रचना विचार करण्याजोगी आहे. स्थिर भाग आणि मतदारसंख्येबरोबर वाढणारा भाग वेगळे केले की पायऱ्यापायऱ्यांच्या कोष्टकातील विषमता कमी होते. आणि संयुक्त उमेदवारीचा विचार नियमातच केला की चौकडीचा लाभ आपोआप आटोक्यात येतो.

५. ‘हिशेब’ : देणे आणि जुळणे

महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकीच्या प्रत्येक उमेदवाराने, मग तो विजयी असो वा पराभूत, निकालापासून तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब सादर करावयाचा असतो. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४-ब सांगते की, जी व्यक्ती आयोगाने ठरविलेल्या मुदतीत व ठरविलेल्या रीतीने हिशेब दाखल करण्यात कसूर करील, आणि त्या कसुरीस जिच्याजवळ योग्य कारण किंवा समर्थन नसेल, ती आयोगाच्या आदेशाने पाच वर्षांसाठी अपात्र ठरेल. अपात्रता दूर करण्याचा किंवा तिचा काळ कमी करण्याचा अधिकारही कारणे नमूद करून आयोगास वापरता येतो.

मराठीत ‘हिशेब देणे’ आणि ‘हिशेब जुळणे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दिलेला प्रत्येक हिशेब जुळतोच असे नाही. मग खोटा हिशेब वेळेवर देणाऱ्याने हिशेब ‘दिला’ असे मानावे काय? १९५१ च्या अधिनियमातील कलम १०-अ ची शब्दयोजना याच धर्तीची आहे. तेथे अपात्रता तीन वर्षांची आहे. २००९ च्या भोकर विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अशोक चव्हाण विरुद्ध माधवराव किन्हाळकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये असे ठरविले की, निवडणूक आयोगास केवळ कागद दाखल झाला की नाही एवढेच पाहता येते असे नव्हे. त्यातील मजकूर खरा आहे की नाही याचीही चौकशी करता येते. त्या विशिष्ट प्रकरणात आयोगाने पुढे काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला, हेही येथे नमूद केले पाहिजे. तत्त्व म्हणून मात्र ‘रीतीने’ या शब्दात ‘खरेपणाने’ हा अर्थ अंतर्भूत आहे, असा कौल मिळाला. कलम १४-ब मध्येही शब्द जवळजवळ तेच असल्यामुळे तोच अर्थ तेथेही लावता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परंतु व्यवहारात हे कलम कोणावर येऊन पडते? प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, एका लहान गावात, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उभ्या राहून पडलेल्या एक बाई आहेत. प्रचारासाठी त्या घरोघर पायीच फिरल्या. छापील पत्रके पुतण्याने आणून दिली. निकालानंतर त्यांनी काहीच दाखल केले नाही. पुढे नोटीस आली तेव्हा त्या मला म्हणाल्या, “मी खर्चच केला नाही, तर हिशेब कसला देऊ?” त्यांच्या म्हणण्यात तर्कदोष नव्हता, फक्त तो बोलीचा तर्क होता. कार्यालयाच्या भाषेत अशा वेळी रकान्यात ‘निरंक’ असे लिहून सही करावी लागते. बाईंनी तो शब्द जन्मात ऐकलेला नव्हता. आणि तो त्यांस समजावून सांगणे कार्यालयातील कोणास आपले काम वाटले नव्हते.

व्याकरणाच्या अभ्यासकास या प्रसंगाचे मर्म चटकन कळेल. काही नसणे आणि शून्य असणे यांत भेद आहे. पाणिनीच्या शास्त्रात प्रत्यय लोपला तरी त्याची जागा आणि त्याचे कार्य मानले जाते. आधुनिक भाषाशास्त्रातही शून्य रूपिका मानण्याची रीत आहे. कायद्यालाही अनुल्लेख नको असतो, शून्याचा उल्लेख हवा असतो. ही अपेक्षा रास्त आहे. कारण न लिहिलेल्या पानावर काहीही लपविता येते. परंतु हा भेद न समजल्याबद्दल पाच वर्षे निवडणुकीपासून दूर ठेवणे आणि लाखोंचा खर्च दुसऱ्याच्या नावाने करून जुळता हिशेब सादर करणाऱ्यास सन्मानाने सोडणे, ही दोन्ही कामे एकाच कलमाने होत असतील, तर कलमाच्या शब्दांचा फेरविचार केला पाहिजे. आरक्षणामुळे ज्या स्त्रिया आणि ज्या समाजांतील माणसे पहिल्यांदाच पंचायतीच्या पायऱ्या चढत आहेत, त्यांच्यापाशी हिशेबनीस नसतो. आणि निरंक हिशेब न दिल्याचा धोका त्यांनाच अधिक असतो.

न्यायालयाचे लक्ष याकडे गेलेले आहे. नांदेड जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा हा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे सोपविणे वैध ठरविले. पण त्याचबरोबर अपात्रतेचा काळ ठरविताना तो दोषाच्या प्रमाणात असावा, ही दृष्टीही ठेवली. हिशेब मुळीच न देणे आणि काही दिवस उशिरा देणे यांस एकच माप लावणे न्याय्य नव्हे.

६. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. स्थानिक निवडणुकांतील खर्चाचे नियम रकमेच्या बाबतीत तपशीलवार आहेत, परंतु ज्या तीन शब्दांवर ते उभे आहेत त्यांचे अर्थ गेल्या अर्धशतकात सोयीने आकसत गेले आहेत. ‘उमेदवार’ या शब्दातून ‘भावी’ वगळला गेला. ‘खर्च’ या शब्दातून ‘होऊ दिलेला’ वगळला गेला आणि २००३ मध्ये तो अर्धामुर्धा परत आला. ‘हिशेब’ या शब्दात खरेपणा आहे की नाही याविषयी न्यायालयापर्यंत जावे लागले. तिन्ही ठिकाणी अर्थसंकोचाचा लाभ साधनसंपन्नास मिळाला आणि तिन्ही ठिकाणी उरलेल्या नियमाचा जाच साधनहीनास झाला.

उपायही शब्दांचेच आहेत आणि ते फार कठीण नाहीत. १९७५ पूर्वीच्या व्याख्येतील दुसरा भाग, स्थानिक निवडणुकांपुरता का होईना, राज्याच्या अधिनियमांत आणता येईल. गर्भित संमतीची १९७४ ची कसोटी नियमात लिहिता येईल. बहुसदस्यीय प्रभागात एकत्र प्रचार करणाऱ्यांची मर्यादा वेगळी काढता येईल. हिशेबाचा नमुना बोलीच्या जवळच्या मराठीत करून त्यात ‘मी काहीही खर्च केलेला नाही’ हे वाक्य छापून ठेवता येईल, म्हणजे सही केली की काम झाले. आणि सादर झालेला प्रत्येक हिशेब ग्रामपंचायतीच्या वा प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लावला, तर तो जुळतो की नाही हे तपासावयास फार मोठी यंत्रणा लागणार नाही. मांडव कोणाचा होता, हे गावाला माहीत असते.